गोचिडाचा गुन्हा शाबीत करणारा थिओबाल्ड स्मिथ

पोळा झाला, पाऊस ओसरायला लागला, की गोठ्यात एक ठरलेले काम निघते. संध्याकाळी धार काढून झाली की म्हातारी माणसे गाईच्या कासेखाली, शेपटीच्या मुळाशी, कानाच्या आत हात घालून गोचीड वेचतात. टप्पोरे, एरंडीच्या बीसारखे फुगलेले गोचीड. कोणी ते शेणात दाबतो, कोणी चुलीत टाकतो, कोणी दगडाने चेचतो. नाचणगावात हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा माणूस मिळायचा नाही. पुलगावला लागून असलेले हे मोठे गाव, वर्धा नदीकडचा कापसाचा पट्टा. शेती तिथे ढोर आणि ढोर तिथे गोचीड.

आता बघा, गोचीड रक्त पितो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण गोचीड ताप आणतो, त्या तापात गाईची लघवी लाल होते, कॉफीसारखी होते, आणि आठवड्याभरात चांगली दुभती गाय आडवी पडते, हे आज तालुक्याचा डॉक्टर बिनदिक्कत सांगतो. त्याला ते कॉलेजात शिकवले. कॉलेजाच्या पुस्तकात ते कुठून आले? एका माणसाने चार उन्हाळे ढोरांच्या मागे घालवून ते शाबीत केले, तेव्हा आले. त्या माणसाचे नाव थिओबाल्ड स्मिथ. त्याच्या आधी कुठल्याही बारीक किड्यामुळे असा ताप एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, याचा पुरावा कोणाजवळ नव्हता. मलेरिया डासामुळे होतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवले. स्मिथ यांचे गोचिडाचे काम त्याच्या चार वर्षे आधी छापून आले होते. माणसाच्या डॉक्टरांना वाट दाखवली ती अशी ढोरांच्या गोठ्यातून.

स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी या शहरी झाला. आईबाप जर्मनीतून पोट भरायला आलेले. बाप शिंपी. घरचे आडनाव श्मिट, तिकडे गेल्यावर त्याचे स्मिथ झाले. घरात बोलणे जर्मन, शाळेत इंग्रजी. मुलगा अबोल, हिशेबी, अभ्यासात पुढे, आणि बाजाचा नाद असलेला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून चार पैसे मिळवायचा. राज्याची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून कॉर्नेल विद्यापीठात जाता आले, नाहीतर शिंप्याच्या पोराला ते जमते ना. घरी जर्मन बोलत होता हे पुढे फार कामाला आले, कारण जंतूंचे नवे शास्त्र त्या वेळी जर्मनीत रॉबर्ट कॉख लिहीत होते. 

कॉर्नेलला सायमन गेज नावाचे मास्तर भेटले. सूक्ष्मदर्शक कसा हाताळावा, काच कशी तयार करावी, रंग कसा चढवावा हे त्यांनी या विद्यार्थ्याला हाताला धरून शिकवले. १८८१ साली पदवी झाली, १८८३ मध्ये ऑल्बनीलाच डॉक्टरकी झाली. पण दवाखाना टाकून रोगी तपासणे स्मिथ यांच्या मनात बसेना. गेज मास्तरांनी खटपट करून त्यांना वॉशिंग्टनला सरकारी शेतीखात्यात चिकटवले. पगार बेताचा, काम जनावरांच्या रोगांचे. वय चोवीस. म्हणजे बघा, आज नागपूरच्या पशुवैद्यक कॉलेजात एम.व्ही.एस्सी. करणारा पोरगा जेवढा असतो तेवढाच हा.

खात्याचे साहेब होते डॅनियल सॅल्मन. खाते नवे, प्रयोगशाळा म्हणजे माळ्यावरची खोली. तिथे स्मिथ यांनी डुकरांच्या तापाचे काम केले, एक जंतू वेगळा काढला, आणि मेलेल्या जंतूंची लस टोचूनही जनावरात प्रतिकारशक्ती येते हे १८८६ मध्ये कबुतरांवर दाखवून दिले. पण बंधूंनो, नोकरीतले हे रडगाणे तुम्हांलाही नवे नाही: काम हाताखालच्याचे, नाव साहेबाचे. ज्या जंतूगटामुळे आज अंड्या-मांसातून विषबाधा होते असे आपण वाचतो त्या गटाला साल्मोनेला म्हणतात, ते नाव या सॅल्मन साहेबांचे. जंतू शोधला स्मिथ यांनी. असो.

मुख्य गोष्ट आता येते. अमेरिकेच्या दक्षिणेत टेक्सास म्हणून मोठा मुलूख आहे. तिथली लांब शिंगांची ढोरे काटक. तिकडचे यादवी युद्ध १८६५ साली संपले, उत्तरेत मांसाला भाव आला, आणि हजारो ढोरांचे कळप पायी पायी उत्तरेला हाकले जाऊ लागले. ही ढोरे दिसायला ठणठणीत. पण ती ज्या वाटेने गेली, ज्या कुरणात चरली, तिथे महिना-सव्वा महिन्याने उत्तरेतली गावची ढोरे पटापट मरायची. ताप, लाल लघवी, खंगणे, मरण. आणणारे ढोर धडधाकट आणि यजमानाचे ढोर मेलेले. १८६८ मध्ये तर इलिनॉय-इंडियाना या राज्यांत हाहाकार झाला. मिसुरीचे शेतकरी बंदुका घेऊन हद्दीवर उभे राहत आणि टेक्सासचे कळप अडवत. राज्यांनी कायदे केले, हद्दी आखल्या. हिवाळ्यात मात्र हा रोग होत नसे. थंडी पडली, पाला करपला की बंद.

याचे कारण काय, यावर विद्वानांचे वाद चालले. कोणी म्हणे दक्षिणेच्या ढोरांच्या लाळेत विष आहे, कोणी म्हणे शेणमुतात, कोणी म्हणे गवतात. ढोरे राखणारे गडी मात्र कित्येक वर्षांपासून एकच सांगत होते, की हा गोचिडाचा उपद्व्याप आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही. अडाण्याची समजूत म्हणून ते बाजूला पडले. आपल्याकडेही गुराख्याचे बोलणे साहेबाच्या टेबलापर्यंत पोचत नाही, त्यातलाच प्रकार.

स्मिथ यांनी काय केले? त्यांनी गुराख्याचे खरे मानले नाही आणि खोटेही मानले नाही. तपासायला घेतले. मला विचाराल तर सगळ्या चरित्रात हीच जागा मोठी आहे.

सोबत दोघे होते. फ्रेड किलबोर्न हे जनावरांचे डॉक्टर, वॉशिंग्टनजवळचे सरकारी प्रयोगक्षेत्र सांभाळणारे. आणि कूपर कर्टिस, गोचीड जन्माला कसा येतो, अंगावर किती दिवस राहतो, कधी गळून पडतो याचा पिच्छा पुरवणारे. तिघेही कॉर्नेलचेच. १८८९ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातून सात ढोरे आणली. वरून निरोगी, अंगावर गोचीड. वाडग्यात आडवी कुंपणे घालून वेगवेगळे कप्पे केले. एका कप्प्यात गोचिडासकट चार दक्षिणी ढोरे आणि त्यांच्यासोबत उत्तरेची ढोरे. दुसऱ्या कप्प्यात उरलेली तीन, पण त्यांच्या अंगावरचा गोचीड न गोचीड हाताने वेचून काढलेला. तुम्ही संध्याकाळी जे करता तेच काम हे शिकलेले लोक भर उन्हात करत होते. एकदा वेचून भागत नाही, कारण बारीक पिल्ले डोळ्याला दिसत नाहीत, दोन दिवसांनी फुगून वर येतात. म्हणून रोज वेचायचे. तिसऱ्या कप्प्यात दक्षिणेचे ढोर एकही नाही, नुसते दक्षिणेतून आणलेले गोचीड गवतात सोडलेले.

ऑगस्टमध्ये पहिल्या कप्प्यातली उत्तरेची ढोरे तापाने पडू लागली. दुसऱ्या कप्प्यात, जिथे गोचीड वेचले होते, तिथे काहीही झाले नाही. पुढे तिसऱ्या कप्प्यातली ढोरेही आजारी पडली. तिथे टेक्सासचे ढोर नव्हते, लाळ नव्हती, शेण नव्हते. होता तो फक्त गोचीड. खटल्यात साक्षीदार फोडता येतो, पण हा पुरावा कोण फोडणार?

आजारी ढोरांच्या रक्ताचा थेंब घेऊन स्मिथ काचेवर पाहत होते. तांबड्या पेशी दिवसागणिक घटत होत्या. आणि त्या पेशींच्या आत त्यांना पेरूच्या आकाराचे, जोडीजोडीने बसलेले बारीक जीव दिसले. हेच ते परजीवी. तांबडी पेशी फोडतात, तिचा रंग लघवीत उतरतो, म्हणून लघवी लाल. याच घराण्यातला जीव रुमानियात व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये पाहिला होता, म्हणून आज त्याला बाबेसिया म्हणतात. आपल्या गाईंना होतो तो बाबेसिया बायजेमिना आणि स्मिथ यांनी पाहिला तो, एकच.

आता खरी गंमत. स्मिथ यांचा सुरुवातीचा अंदाज चुकला होता. त्यांना वाटले होते की रक्त पिऊन टम्म झालेला गोचीड खाली पडतो, मरतो, त्याच्यातला रोग गवताला लागतो आणि गवत खाऊन ढोर आजारी पडते. पण १८९० मध्ये किलबोर्न यांनी गोचिडाच्या माद्या भांड्यात ठेवल्या, त्यांची अंडी उबवली आणि जी पिल्ले निघाली ती एका निरोगी ढोराच्या अंगावर सोडली. या पिल्लांनी जन्मात कोणाचे रक्त प्यालेले नव्हते. कुठल्या रोगी ढोराचे तोंड पाहिलेले नव्हते. तरी ते ढोर तापाने पडले. म्हणजे रोग आईच्या पोटातून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात आला होता. गोचिडाची आई आपल्या लेकरांना रोग वारशाने देते, असा त्याचा अर्थ. स्मिथ यांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. पुन्हा केले, मग पुन्हा केले. १८९२ पर्यंत हे चालू राहिले आणि १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांच्या नावाने सरकारी पुस्तिका निघाली.

महिना-सव्वा महिना का लागतो, याचाही उलगडा झाला. फुगलेली मादी जमिनीवर पडते, दोन-तीन हजार अंडी घालून मरते. उन्हाळी हवेत तीनेक आठवड्यांनी पिल्ले निघतात, गवताच्या शेंड्यावर चढून बसतात आणि जनावर येताच अंगाला लागतात. मग कुठे ताप. थंडीत अंडी उबत नाहीत, म्हणून हिवाळ्यात रोग नाही. गुराख्यांनी पाहिलेले एक एक खरे निघाले.

दक्षिणेची ढोरे स्वतः का मरत नव्हती? वासरू लहानपणीच गोचिडाच्या तावडीत सापडते, ताप हलका येऊन जातो आणि पुढे रक्तात थोडा रोग राहूनही ढोर सुखरूप फिरते. मोठे ढोर निकोप मुलखातून आणले तर मात्र ते मरते. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने नीट लक्षात घ्यावी अशी आहे. आपली गवळाऊ जात, आर्वी-कारंजाकडची, चपळ पायाची. ती पिढ्यानपिढ्या इथल्या गोचिडासोबत जगत आली आहे. तिचे कातडे, तिचे अंग झटकणे, लहानपणी लागलेला ताप, सगळे तिच्या बाजूचे. संकरित जर्सी किंवा होल्स्टीन लांबून आणून त्याच गोठ्यात बांधली की तिची गत उत्तरेच्या ढोरासारखी होते. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरेही वाटली होती, वर्धा त्यात होता. अशी कुठलीही योजना पुन्हा आली तर गाईसोबत गोचिडाचा बंदोबस्त कागदावर आधी घ्यावा, ही सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. आपल्या संकरित गाईंना जास्त छळतो तो दुसरा गोचीडताप, थायलेरियाचा. गळ्याच्या, खांद्याच्या गाठी सुजतात, ताप उतरत नाही, रक्त आटते. तो आणणारा गोचीड वेगळ्या जातीचा, हायलोमा नावाचा, लांब पायांचा. तो रोग अंड्यातून देत नाही. पिल्लूपणी रोगी जनावराचे रक्त पितो, गळून पडतो, कात टाकतो आणि मोठा होऊन दुसऱ्या जनावराला चावतो तेव्हा रोग देतो. मधल्या काळात तो कुठे बसतो? गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, कुडाच्या फटींत, गव्हाणीच्या खाली. म्हणून बाबेसियावाल्या गोचिडासाठी जनावराचे अंग आणि कुरण पाहावे लागते, या हायलोमासाठी भिंती लिंपाव्या लागतात. नुसती गाय फवारून गोठा तसाच ठेवला तर काम अर्धेच होते. थायलेरियावर आपल्या देशात लस तयार होते. संकरित जनावर असेल तर तिची चौकशी दवाखान्यात जरूर करा.

स्मिथ यांच्याकडे परत येऊ. सॅल्मन साहेबांशी त्यांचे पटेनासे झाले. कर्टिस तर आधीच दुखावून बाहेर पडले होते. गोचिडाची सगळी जन्मकुंडली त्यांनी मांडली आणि पुस्तिकेवर त्यांचे नाव नाही. ही सल त्यांना होती आणि ती रास्त होती असे मला वाटते. १८९५ मध्ये स्मिथ हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाकडे गेले. तिथे त्यांनी १८९८ मध्ये माणसाच्या क्षयाचा जंतू आणि गाईच्या क्षयाचा जंतू हे दोन वेगळे आहेत असे दाखवले. कॉख यांनी यावरून पुढे १९०१ मध्ये असे जाहीर केले की गाईच्या दुधातून माणसाला क्षयाचा फारसा धोका नाही. तेवढा अर्थ त्या कामातून निघत नव्हता. दुधातून मुलांना क्षय होतो हे नंतरच्या चौकशांत सिद्ध झाले. कच्चे दूध उकळून प्यावे हे आपल्या आजीला कॉखपेक्षा बरे कळत होते म्हणायचे.

पुढे रॉकफेलर संस्थेने प्रिन्स्टन येथे खास जनावरांच्या रोगांसाठी विभाग काढला. १९१५ च्या सुमारास स्मिथ त्याचे प्रमुख झाले आणि १९२९ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तिथली दोन कामे तुमच्या उपयोगाची आहेत. एक, टर्की कोंबड्यांना होणारा काळ्या डोक्याचा रोग. १९२० मध्ये ग्रेबिल यांच्यासोबत त्यांनी दाखवले की तो रोग कोंबडीच्या आतड्यातल्या एका बारीक जंताच्या अंड्यातून पसरतो. पुन्हा तेच: एका परजीवीच्या अंड्यात बसून दुसरा परजीवी प्रवास करतो. तीस वर्षांपूर्वी गोचिडात जे पाहिले ते डोळ्यांत असल्याशिवाय हे सुचत नाही.

दुसरे काम चिकाचे. १९२२ मध्ये लिट्ल या सहकाऱ्यासोबत त्यांनी नवजात वासरांचे दोन गट केले. एकाला व्यायल्याबरोबरचा चीक पाजला, दुसऱ्याला पाजला नाही. चीक न मिळालेली बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत मेली. चीक प्यालेली जगली. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्ये चिकातून वासरात जातात, तीही पहिल्या काही तासांतच, नंतर आतडे ती घेत नाही. खरवस कोणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण वासराचे पोट भरल्याशिवाय पातेले गाईखाली नेऊ नका.

स्मिथ माणूस म्हणून कसे होते? लाजरे, काटकसरी, सभेत कमी बोलणारे. १८८८ मध्ये लिलियन एगल्स्टन यांच्याशी लग्न झाले, दोन मुली, एक मुलगा. घरी आल्यावर पियानो. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. परजीवी आणि रोग या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९३४ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला, पंचाहत्तराव्या वर्षी ते वारले.

गोचिडाविरुद्धची खरी लढाई त्यांच्या कागदावर नव्हे, शेतकऱ्यांच्या अंगणात झाली. कर्टिस यांनी धरलेला आग्रह आणि सरकारचा पैसा जमून १९०६ मध्ये अमेरिकेत गोचीड-निर्मूलन मोहीम सुरू झाली. गावोगाव हौद बांधले. त्यात आर्सेनिकचे पाणी. दर चौदा दिवसांनी गावातले प्रत्येक ढोर त्या हौदातून पोहत न्यायचे. सक्तीने. लहान शेतकरी वैतागले. कामाचे दिवस मोडून ढोरे मैलोगणती हाकायची, एखादे ढोर दगावले तर भरपाई नाही, फायदा मोठ्या व्यापाऱ्याचा. काही ठिकाणी तर लोकांनी हौद सुरुंगाने उडवून दिले. मला त्यांचा राग समजतो. पण अर्ध्या गावाने ढोरे बुडवली आणि अर्ध्याने नाही, तर बुडवलेली मेहनतही वाया जाते, हेही तितकेच खरे. १९४३ पर्यंत तो गोचीड अमेरिकेतून संपला, फक्त मेक्सिकोच्या सरहद्दीचा एक पट्टा सोडून. त्या पट्ट्यात आजही सरकारी घोडेस्वार नदीकाठाने फिरतात आणि चुकार ढोरे पकडून तपासतात.

आपल्याकडे कडक हिवाळा नाही, मोकाट ढोरे आहेत, म्हशी-शेळ्या-बकऱ्या एकत्र आहेत. तसे निर्मूलन इथे होणे नाही. मग आपण औषध मारतो. आणि इथे वारशाची दुसरी गोष्ट सुरू होते.

गोचीड लेकरांना रोग देतो तो अंड्यात बसून गेलेला पाहुणा असतो, गोचिडाच्या स्वतःच्या रक्तबीजाचा भाग नव्हे. पण औषध न जुमानण्याची ताकद गोचिडाच्या स्वतःच्या जनुकांत लिहिलेली असते. तलाठ्याकडे वारसाची नोंद होते तशी ती पिढीगणिक उतरते. हजार गोचिडांत दोन-चार असे असतात की त्यांच्या जनुकात लहानसा बदल असतो आणि डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखे औषध त्यांच्या नसांना पकडत नाही. तुम्ही बाटलीवरच्या मापापेक्षा पातळ औषध मारले, तेच औषध वर्षानुवर्षे मारले, की कमजोर मरतात आणि हे निगरगट्ट उरतात. त्यांची हजारोंनी पिल्ले. तीन-चार पावसाळ्यांत औषध पाण्यासारखे होते आणि आपण कृषी केंद्रवाल्याच्या नावाने बोटे मोडतो. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात आर्सेनिकच्या बाबतीत हेच झाले. आज भारतातही पायरेथ्रॉइड औषधांना न जुमानणारे गोचीड अनेक राज्यांत सापडले आहेत.

हे कोण शोधते? कॉलेजातली पोरे. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चे, मुंबईचे १८८६ चे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ती येतात. अशा कॉलेजांतून परजीवीशास्त्र घेऊन पदव्युत्तर शिक्षण करणारे विद्यार्थी गोठ्यांतून गोचीड गोळा करतात, जात ओळखतात, त्यातला डीएनए काढून कुठले जनुक बदलले ते पाहतात. काम सोपे नाही. आपल्या गाईवरच्या या गोचिडाच्या पेशीत माणसाच्या दुपटीहून जास्त डीएनए आहे, त्यातला बराचसा पुन्हा पुन्हा तोच मजकूर. त्याच्या आतड्यातल्या एका प्रथिनावरून ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये गोचिडाविरुद्ध लस निघाली. पण त्या प्रथिनाचे जनुक मुलखामुलखात थोडे वेगळे निघते, म्हणून एकीकडे लागू पडलेली लस दुसरीकडे कमी पडते. वर्धा जिल्ह्यातल्या गोचिडाचे जनुक कसे आहे हे वर्ध्याच्या गोठ्यातला गोचीड तपासल्याशिवाय कळणार कसे?

तेव्हा असा एखादा विद्यार्थी बाटल्या घेऊन तुमच्या दारी आला तर त्याला चोर समजून हाकलू नका, आणि सरकारी चौकशी आली म्हणून गोठा झाडून गोचीड लपवू नका. त्याला हवे असते ते थोडेच. ढोराला औषध मारून निदान दोन-तीन आठवडे झालेले असावेत. फुगलेल्या माद्या ओढून तोडू नयेत, तोंड कातड्यात राहते. हळूच फिरवून सोडवाव्यात. औषधाची परीक्षा करायची असेल तर त्या जिवंत लागतात, कारण त्यांची अंडी उबवून पिल्लांवर औषधाची चाचणी घेतात, किलबोर्नने भांड्यात उबवली तशीच. म्हणून रॉकेलच्या डब्यात टाकलेले गोचीड या कामाचे नाहीत. झाकणाला बारीक भोके पाडलेली स्वच्छ बाटली, आत ओलसर कापसाचा बोळा. डीएनएसाठी असतील तर ते स्पिरिटमध्ये चालतात. बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी: गाव, तारीख, जनावर देशी की संकरित की म्हैस, आणि मागच्या वेळी कुठले औषध किती मापाने मारले होते. शेवटची ओळ खरी लिहावी. अर्धेच माप घातले असेल तर अर्धे लिहावे.